गोव्याची खरेदी आणि माझ्या कमरेचा पट्टा

आमच्या इमारतीतल्या दोघी मुली मागच्या महिन्यात बँकॉकला जाऊन आल्या. पाच दिवसांत तीन बॅगा भरून खरेदी. कानातली, पर्सेस, स्कार्फ, सगळं माझ्या पलंगावर पसरून दाखवत होत्या. त्यातल्या एकीनं सहज विचारलं, "आजी, तुम्ही कधी परदेशात शॉपिंग केलंत?"

"केलंय ना," मी म्हटलं. "गोव्यात."

दोघी पोट धरून हसल्या. मी हसले नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना गोवा परदेशच होता. राज्य पोर्तुगीजांचं, नोटा वेगळ्या, पोलीस वेगळे. वाटेत दोनदा सामान उघडून दाखवावं लागायचं, एकदा आपल्या लोकांना, एकदा त्यांच्या. पुढे रस्ताच बंद झाला. त्या आधीच्या हिवाळ्यात मी तिथे गेले होते. आता माझी नव्वदी आली आहे, बऱ्याच गोष्टी विसरायला होतात, पण त्या चार दिवसांचा राग तसाच्या तसा आहे. नातवानं हा ब्लॉग मला देवदर्शनाच्या सहली लिहायला काढून दिला होता. आज ही सहल लिहिते. तुम्ही गोव्याला खरेदीला निघाला असाल तर वाचून जा.

आम्ही तेव्हा चिंचवडगावात दोन खोल्यांत राहायचो. मी, माझे यजमान, सासूबाई आणि नणंद कुसुम. यजमान देहूरोडच्या मिलिटरी डेपोत कारकून. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणायची. त्यांचं देहूरोडच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि ते जाऊबाईंबरोबर दुकानाच्या मागेच राहत. माझं माहेर कुरुळीचं. लग्नात वडिलांनी मला शिवणाचं मशीन दिलं होतं. सासरी माझं बोलणं गावंढळ वाटायचं, माझ्या हातची भाजी तिखट वाटायची, पण माझ्या शिवणाला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. देहूरोडला उस्मानचाचा म्हणून एक म्हातारे टेलरमास्तर होते. मिलिटरीतल्या साहेबांच्या बायकांचे कपडे त्यांच्याकडे यायचे. त्यांनी मला कटिंग शिकवलं आणि पुढे ब्लाउजचं काम माझ्याकडे द्यायला लागले. कापड बोटांत धरलं की त्याची जात सांगायची, हे मी त्यांच्याकडून उचललं.

कुसुमचं लग्न खेडच्या मुलाशी ठरलं. खेड म्हणजे आताचं राजगुरुनगर. बस्त्याचं बोलणं निघालं तेव्हा भाऊजी म्हणाले, "कापड गोव्याहून आणू. नायलॉन, जॉर्जेट, सगळा विलायती माल. इथे मिळतो त्याच्या निम्म्या भावात. आणि सुमनला बरोबर नेऊ. तिला कापडातलं कळतं."

हे शेवटचं वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं असेल! त्या घरात मला काही कळतं असं पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं. मला वाटलं होतं यजमान नाही म्हणतील. मला पुण्याला एकटीला जाऊ द्यायचे नाहीत ते. पण ते लगेच म्हणाले, "जा की. दादा आहे, वहिनी आहे." वर स्वतः पुण्याहून दोन नवी नऊवारी लुगडी घेऊन आले. मी गोल पाचवारी पातळ नेसायची, त्यांनाही तेच आवडायचं. "प्रवासात नऊवारीच बरी पडते," म्हणाले. नवऱ्यानं न मागता लुगडी आणली म्हणून मी हरखून गेले. केवढी मूर्ख होते!

निघायच्या आदल्या दिवशी उस्मानचाचांना सांगायला गेले. ते म्हणाले, "बेटी, दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नको, ते गोडच असतं. धागा ओढ, जाळ आणि वास घे. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, नकली रेशीम कागदासारखं जळतं आणि नायलॉन वितळून त्याचा मणी होतो. एवढं केलंस तर तुला कोणी फसवणार नाही."

चाचांना काय माहीत की मला फसवणारा दुकानात बसलेला नव्हता.

मार्गशीर्षात आम्ही तिघं निघालो. चिंचवडहून पॅसेंजरने पुणे, पुण्याहून संध्याकाळची छोट्या रुळांवरची गाडी, मिरजेवरून लोंढ्याला सकाळी. बरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि पेरू घेतले होते. लोंढ्याला चहा चांगला मिळायचा, पण कपात नाही, आपला पेला पुढे करायचा. तिथून पुढे कॅसलरॉक. हे आपल्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. जाताना जकातीच्या लोकांनी आमच्या ट्रंकेत नुसती नजर टाकली. मग घाट उतरताना दूधसागर दिसतो. आज लोक तिथे मोबाईल घेऊन रुळांवर उभे राहतात, तेव्हा गाडीच हळू व्हायची आणि डब्यातल्या सगळ्या बायका एका बाजूला यायच्या. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, "अहो, बघा तरी!" त्या म्हणाल्या, "पाहिलाय." मला नवल वाटलं. त्या गोव्याला आधी येऊन गेल्याचं घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

घाटाखाली कुळे लागतं. तिथे पोर्तुगीज पोलिसांनी सामान उघडायला लावलं. त्यांच्यातल्या एकाशी भाऊजी नाव घेऊन बोलले, हसले, सिगारेट दिली. मला म्हणाले, "इथे तोंड उघडू नकोस. तुझं ते व्हय-न्हाई परदेशात ऐकवू नकोस." जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मडगावला दुपारी उतरलो. बाजाराजवळच्या खाणावळीत राहिलो. माणशी दोन रुपये रोज, त्यात दोन वेळचं जेवण, सोलकढी हवी तितकी. आपला रुपया तिथे चालायचा, पण सुटे मिळायचे ते तिकडचे आणि नोटेवर लांब दाढीवाला कोणी पोर्तुगीज. नवख्या माणसाचा हिशेब चुकायचा, म्हणून पैसे भाऊजींकडेच होते. तिकिटंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाजार. खोटं कशाला बोलू, तो दिवस माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता आणि म्हणूनच त्याची आठवण झाली की जास्त चिडचिड होते. मडगावच्या त्या दुकानात छतापर्यंत तागे लावलेले. पिस्ता रंगाचं जॉर्जेट, पांढऱ्या लेसचे पट्टे, फुलाफुलांचं नायलॉन, आणि एक गर्द जांभळा ब्रोकेड, ज्याच्यावरून हात उचलावासा वाटेना. दुकानदार लठ्ठ, चष्मेवाला. "बाय, हें अस्सल फ्रेंच रेशीम. हात लावून पळय," हात लावून बघ, म्हणत त्याने एक तागा उलगडला. मी कडेचा धागा ओढला आणि काडी मागितली. त्याचा चेहरा पडला. धागा भुर्रकन जळला, कागदाचा वास.

"हे रेशीम नव्हे," मी म्हटलं.

तो मोठ्यानं हसला आणि आतून दुसरा तागा आणवला. "तुका हें दाखोवपाक जाय," म्हणाला. हे दाखवायला हवं होतं तुला. त्यानंतर त्याने मला एकही खोटं सांगितलं नाही. दोन तासांत मी सहा ब्लाउजांचं कापड, दोन जॉर्जेटच्या साड्या आणि कुसुमसाठी तो जांभळा ब्रोकेड निवडला. भाऊजींनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. "तू म्हणशील ते," म्हणाले. मी फुगून गेले.

तिसऱ्या दिवशी पणजी. मडगावहून बस नदीपर्यंत, नदी होडीनं ओलांडायची, पलीकडे पुन्हा बस. उलटीचा त्रास असेल तर पुढे बसा, रस्ता वळणावळणाचा होता. पणजीत दागिन्यांची दुकानं. जाळीकाम केलेली चांदीची कानातली, जपानी मोत्यांचे सर, साडीला लावायच्या पिना आणि पोवळी. पोवळ्याची माळ मी गालाला लावून पाहिली, खरं पोवळं गार लागतं. कुसुमला एक माळ आणि दोन जोड कानातली घेतली. भाऊजींनी आम्हाला त्या दुकानात बसवलं आणि "एक काम आहे" म्हणून कातडी बॅग घेऊन गेले. दीड तासानं आले. मी जाऊबाईंना विचारलं, "तुम्हाला काही नको घ्यायला?" त्या म्हणाल्या, "मला यातलं काही नको." मला वाटलं, माझं कौतुक होतंय म्हणून बाई जळतात. असंच वाटलं मला, लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी सकाळी परतायचं होतं. आंघोळ करून आले तर भाऊजींनी खोलीचं दार लावून घेतलं. बिछान्यावर मांजरपाटाचे दोन पट्टे ठेवलेले, रुंद, बंद लावलेले.

"सुमन, हा लुगड्याच्या आत बांध. पोटाशी घट्ट."

मी उचलला. जड होता. बोटांनी चाचपलं तर आत चार चपट्या विटा. "काय हाय ह्यात?" कुरुळीचं बोलणं आपोआप तोंडात आलं.

"घरचंच आहे. बांध."

"सोनं हाय?"

"हळू बोल."

"आमी न्हाई बांधणार."

ते हसले. "आली बघ कुरुळी बाहेर." मग हसू थांबलं. "तिकीट माझ्याकडे आहे, पैसे माझ्याकडे आहेत. नसेल बांधायचा तर राहा इथेच. शिवण येतं ना, पोट भरेल. तुला काय कापड बघायला आणलं होतं असं वाटलं? कापडातलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. दुकान आहे माझं."

एवढं बोलून ते बाहेर गेले. मी पट्टा हातात घेऊन उभी. दोन दिवसांतली प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर उलटी होत गेली. एका शब्दानं घासाघीस का केली नाही. "तू म्हणशील ते" का म्हणाले. दुकानदाराची आणि माझी ती काडी, तो धागा, ते हसणं, सगळं त्यांच्या दृष्टीनं वेळ काढणं होतं. त्यांना हवी होती ती फक्त कमर. बाईची कमर, नऊवारीच्या घोळात झाकलेली.

जाऊबाईंनी स्वतःचं लुगडं सैल केलं. त्यांच्या कमरेवर दोन्ही बाजूंना काळे वळ होते, जुने.

"ही चौथी खेप," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत?"

"म्हटलं होतं. पहिल्या वेळी."

त्यांनीच माझा पट्टा बांधला. बांधताना मला शिवण दिसली. तिरके, घाईचे टाके. असे टाके त्यांचेच असत, त्यांच्या चोळ्या मी कितीदा उसवून नीट करून दिल्या होत्या.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात आम्ही दोघी, भाऊजी पुढच्या डब्यात. माझ्यासमोर एक म्हातारी बसली होती, रुक्मिणीबाई नावाची, लोंढ्याला मुलीकडे निघालेली. घरोघरी भांडी घासून तिने पैसे साठवले होते आणि नातीच्या फ्रॉकसाठी तीन वार गुलाबी नायलॉन घेतलं होतं. पिशवीतून काढून तिने ते मला दाखवलं. मी शिवते म्हटल्यावर नातीची उंची हातानं दाखवून विचारायला लागली, घेर किती येईल, बाही निघेल का. मी तिला खडूशिवाय, बोटानं मांडीवर आखून दाखवलं की असं कापलं तर फुग्याची बाही निघते आणि वर रिबिनीलाही उरतं. ती एवढी खूश झाली! आणि माझ्या पोटात त्या विटा रुतत होत्या. प्रत्येक वेळी पुढे वाकले की रुतायच्या.

कॅसलरॉकला सगळे उतरले. भाऊजींनी ट्रंक उघडून स्वतःहून साड्या दाखवल्या, जकात भरली, पावती घेतली. असा सज्जन माणूस. बायकांची झडती बाजूच्या खोलीत होती. झडती घेणारी बाई जाडजूड, आवाज खणखणीत. जाऊबाईंनी पावती पुढे केली आणि पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "चिंचवडच्या आम्ही. नणंदेच्या लग्नाची खरेदी. जकात भरलीय." त्या बाईनं जाऊबाईंच्या बांगड्या पाहिल्या, माझी शाल पाहिली.

"जा. चांगल्या घरच्या दिसता."

आम्ही दाराशी पोचलो. मागे रुक्मिणीबाईचा नंबर. तिची पिशवी त्या बाईनं जमिनीवर उलटी केली. तांदळाची पुरचुंडी फुटली. गुलाबी नायलॉन बाहेर आलं.

"पावती?"

रुक्मिणीबाईला पावती म्हणजे काय तेच कळेना. "नातीक," ती म्हणत राहिली. "फ्रॉकाक."

"चोरटी मेली! तुमच्यासारख्यांनीच धंदा मांडलाय. लुगडं सोड, आणखी काय काय गुंडाळलंय बघू दे."

आणि सत्तरीच्या त्या बाईचं लुगडं तिने सगळ्यांसमोर खस्कन ओढलं.

मला माझा आवाज आठवतो. मी ओरडले नव्हते. "तिला सोडा. माझी झडती घ्या."

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली इतकं घट्ट. मी हात सोडवला, निऱ्यांत हात घालून बंद ओढला आणि पट्टा त्या बाईच्या टेबलावर टाकला. धाडकन आवाज झाला.

"ही चांगल्या घरची," मी म्हटलं. "बघा, कशी असते ती!"

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. साहेबांना बोलावणं, जाऊबाईंची झडती, दुसरा पट्टा. साहेब वयस्क होते, कानडी वळणाचं मराठी बोलायचे. त्यांनी भाऊजींना आत आणवलं. भाऊजींनी टेबलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, मला यातलं काहीच माहीत नाही. बायका बाजारात जायच्या, मी खाणावळीत असायचो. ही धाकटी शिवणकाम करते. हिनंच पट्टे शिवले असणार आणि माझ्या बायकोलाही नादाला लावलं."

मी पट्टा उचलून साहेबांसमोर धरला. "साहेब, ही शिवण बघा. आणि ही माझ्या ब्लाउजाची बघा, माझ्या हातची. एवढे तिरके टाके मी आयुष्यात घातले नाहीत. हा पट्टा मी शिवलेला नाही."

"मग कोणी शिवला?" साहेबांनी विचारलं.

मला माहीत होतं. ते ऐकून साहेब कोणाकडे वळणार तेही माहीत होतं. आणि मी जाऊबाईंकडे बघितलं. ते बघणं पुरेसं होतं.

जाऊबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मग त्या म्हणाल्या, "मी शिवले. दोन्ही. यांनी समोर बसून शिवून घेतले. याआधीचे तीन वेळचेही मीच शिवलेत."

"वेडी झाली का तू?" भाऊजी ओरडले. साहेबांनी त्यांना बसवलं आणि लिहायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत जबाब चालले. सोनं जप्त, कापड जप्त, पोवळ्याची माळसुद्धा. भाऊजींना थांबवून घेतलं, आम्हा दोघींना त्यांच्याकडची तिकिटं आणि वाटखर्चापुरते पैसे देऊन सोडलं. रुक्मिणीबाईचं कापड परत मिळालं का, असं विचाराल. नाही मिळालं. मी साहेबांना दोनदा विनवलं, ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ती बाकावर बसून पदरात तांदूळ निवडत होती. मी जवळ गेले. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "तुका कोणें सांगिल्लें उलोवपाक?" तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? खरंच विचारत होती.

जाऊबाई आणि मी पुण्यापर्यंत एका बाकावर बसून आलो. मिरजेला मी केळी घेतली, त्यांच्यापुढे धरली, त्यांनी मान फिरवली.

चिंचवड स्टेशनवर यजमान आले होते. "दादा कुठाय?" मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टा, धमकी, म्हातारी, सगळं. मला वाटलं आता ते भडकतील, भावाला शिव्या देतील. ते बाकावर बसले आणि डोकं धरून म्हणाले, "दोन तास, सुमन. फक्त दोन तास गप्प बसायचं होतं तुला."

मी नेसलेल्या लुगड्याकडे बघितलं. त्यांनी आणलेल्या. प्रवासात बरं पडतं म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"कुसुमचं लग्न करायचंय. माझ्या पगारात होतंय का? एकदाच तर होतं." एवढं म्हणून त्यांनी ट्रंक उचलली आणि चालायला लागले. ट्रंक रिकामी होती, तरी दोन्ही हातांनी धरली होती.

घरी सासूबाईंनी रडून आकांत केला. "घराची अब्रू घालवलीस." शेजारच्या आल्या, पाव्हणे आले, सगळ्यांनी मला एकच विचारलं, की का बोललीस? मी वाट बघत होते की कोणीतरी, एखादं तरी माणूस विचारेल, त्यानं पट्टा बांधायला का लावला? कोणी विचारलं नाही. आजतागायत नाही. कुसुमसुद्धा म्हणाली, "वहिनी, माझ्या लग्नाच्या तोंडावरच तुला खरं बोलायचं सुचलं?" तिचं लग्न झालं, पुण्यातल्या साध्या रेशमात. खेडच्या मंडळींनी काही मोडलं नाही. मला मात्र मांडवात पुढे येऊ दिलं नाही, पाठीमागे पत्रावळी मोजायला बसवलं.

भाऊजी काही महिन्यांनी दंड भरून आणि शिक्षा भोगून आले. दुकान पुन्हा उघडलं, गिऱ्हाईकही आलं. पुढे बाजारातले मोठे गृहस्थ झाले. गणपतीच्या मांडवात खुर्ची पहिल्या रांगेत. बायकोच्या कमरेवरचे वळ कोणाला दिसत नाहीत ना!

मी मशीन उचललं आणि उस्मानचाचांच्या दुकानात नेऊन ठेवलं. घरात आरडाओरडा झाला, बाई बाजारात बसून शिवणार म्हणून. चाचांनी दाराजवळची उजेडाची जागा मला दिली. पहिल्या महिन्याच्या पैशांतून मी तीन वार गुलाबी नायलॉन घेऊन लोंढ्याला पाठवणार होते. पण रुक्मिणीबाईच्या मुलीचं नाव मी विचारलंच नव्हतं, पत्ता कुठला लिहिणार?

यजमानांबरोबर पुढे चाळीसेक वर्षं संसार केला. माणूस म्हणून वाईट नव्हते असं लोक म्हणायचे, मुलंही म्हणतात. मी त्यांना त्या लुगड्यांबद्दल आयुष्यात तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाले, "किती जुनं उकरतेस!" माझ्यासाठी ते जुनं झालं नाही, आजही झालेलं नाही. प्रवासाचं सामान बांधताना घरातलं कोणी "आई, हे तू घे, हे तू नेस" म्हणालं की मी अजून विचारते, का?

जाऊबाई सात-आठ वर्षांनी एकदा दुकानात आल्या, एकट्या. चाचा तेव्हा थकले होते, दुकान मीच बघायची. तोवर गोवाही आपल्याकडे आला होता. त्या बाकावर बसल्या. मी चहा मागवला.

"पट्टा माझ्या हातचा आहे हे तुला तिथे माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"होतं."

"आणि तू मला पुढे केलंस."

"केलं."

"त्याचा राग मला अजून आहे. मरेपर्यंत राहील."

मी मान हलवली. त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या. मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "त्या साहेबांनी जबाबाआधी मला नाव विचारलं. मी म्हटलं, अमक्याची बायको. ते म्हणाले, बाई, ते नाही, तुमचं नाव सांगा. मी तारा म्हणाले. माहेरून आल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं गं. त्यानंतर ह्यांनी मला कुठे नेलं नाही. परत पट्टा नाही शिवला मी."

"जाऊबाई, माझं चुकलं," मी म्हटलं. "बोलले ते नाही. तुम्हाला पुढे केलं, ते चुकलं."

त्या सगळ्या प्रकरणात माफी एवढी एकच मागितली गेली, आणि ती मी मागितली. त्या "हं" म्हणाल्या आणि चहा संपवला.